सहाव्या कुटुंबाची फाईल

१

फाईल गेली, हे सर्वेअरला कळलं तेव्हा तो सकाळी सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होता. हात ओले होते, म्हणून मुलीने फोन त्याच्या कानाला लावून धरला.

"सर्वेअर, बातमी वाईट आहे," पलीकडून थंडोबा म्हणाला. "वहिनींची फाईल सापडत नाहीये. आत्ताच कळलं. म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं."

थंडोबा म्हणजे संशोधन केंद्राच्या तळघरातल्या यंत्रांचा कारभारी. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथे बारा महिने गार हवा सोडलेली असते. भर उन्हाळ्यातही हा गडी स्वेटर घालून वर यायचा. नाव पडायला आणखी काय लागतं?

सर्वेअरचंही तसंच. जळालेली गोदामं आणि बुडालेला माल यांची विमा कंपनीसाठी पाहणी करण्यात त्याची हयात गेली. नोकरी संपली, नाव चिकटून राहिलं.

त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. गच्चीवर चादर वाळत घालत होती, तिथेच हृदय थांबलं. त्याआधी दोनदा चक्कर येऊन पडली होती, तेव्हा केंद्राने तिचं रक्त घेऊन सगळी जनुकं वाचून काढली होती. एका माणसाची जनुकं म्हणजे एवढी प्रचंड फाईल, की साध्या कॉम्प्युटरचा जीव गुदमरावा. तिच्यात कारण सापडलं नाही. बाई गेली आणि प्रश्न तसाच राहिला.

आता मुलीच्या हृदयाच्या आलेखात बारीकशी खोट दिसली होती. ती पोहायला शिकवायची. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला बंदी केली होती, त्यामुळे शिट्टी घेऊन तलावाच्या काठावर उभी राहायची आणि घरी येऊन भांडी आदळायची.

"काय झालं?" तिने विचारलं.

"आईची फाईल सापडत नाहीये."

मुलीने फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "आई एकदा गेली, बाबा. दुसऱ्यांदा मी जाऊ देणार नाही."

संध्याकाळी केंद्राच्या कचेरीतून फोन आला. तेच, पण गोड शब्दांत. शेवटी एक वाक्य होतं: "प्रकरण सामोपचाराने बंद करावं, अशी संचालकबाईंची इच्छा आहे."

"त्यांना सांगा, मी उद्या येतोय," सर्वेअर म्हणाला. "आणि सामोपचार घरी ठेवून येतोय."

२

संचालकबाई स्वतः हृदयाच्या डॉक्टर होत्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण घाईत असायच्या. त्या संध्याकाळी मोठी बैठक होती. केंद्राकडच्या सगळ्या फायली इथे तळघरात ठेवायच्या, की दूरच्या कंपनीची यंत्रं भाड्याने घेऊन तिकडे हलवायच्या, याचा निकाल लागायचा होता. ज्या कुटुंबांनी रक्त दिलं होतं, त्यांच्या समितीचंही मत घ्यायचं होतं. सर्वेअर त्या समितीवर होता.

"तळघर तुडुंब भरलंय," बाई म्हणाल्या. "एका फाईलची चाळणी करायची तर आठवडा रांगेत थांबावं लागतं. या फायली इतक्या मोठ्या, की आज इथे, उद्या तिथे असं करता येत नाही. जिथे ठेवायच्या, तिथेच चाळायच्या. म्हणून आधी सहा कुटुंबांच्या फायली तिकडे पाठवून पाहिल्या."

"आणि पाचच पोचल्या."

"दुर्दैवाने. पण तुमच्या पत्नीचा जुना अहवाल आहे ना आपल्याकडे."

"बाई, गोदाम जळाल्यावर मालक मला गोदामाचा फोटो दाखवायचे. फोटोत माल छान दिसायचा." सर्वेअर पुढे झुकला. "जुना अहवाल त्या वेळी ठाऊक असलेल्या जागा बघून लिहिलाय. मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, नव्या जागा कळल्यात, मूळ फाईल पुन्हा चाळू. म्हणालात ना?"

"म्हणाले."

"आणि नुसतं मुलीचं तपासलं तर?"

बाईंनी चष्मा काढला. डॉक्टर म्हणून त्यांना खोटं बोलवेना. "तर उपयोग थोडा. तिच्यात काही सापडलं नाही तरी ती सुटली असं म्हणता येणार नाही. आईला कशाने नेलं, तेच माहीत नाही. आधी आईत शोधायचं, मग मुलीत."

"आणि आईचं रक्त?"

"नळी संपली. पहिल्या वाचनातच."

"म्हणजे जगात तिचं उरलेलं तेवढंच होतं. आणि तुम्ही म्हणता, प्रकरण बंद करा. माझी बायको म्हणजे प्रकरण नाही."

बाई लालबुंद झाल्या. "मग काय करायचंय तुम्हाला?"

"बैठकीपर्यंत चार माणसांशी बोलायचंय. सुरुवात तुमच्यापासून. फायली पाठवायच्या असं कुणी ठरवलं?"

"मी."

"पाठवलं की इथलं पुसून टाकायचं, हे?"

बाई खिडकीकडे बघू लागल्या. "तेही मीच. जागा हवी होती."

३

तळघरात पाऊल टाकलं की यंत्रांची घरघर अंगावर यायची. लोखंडी मांडण्यांवर डबे, डब्यांवर मिणमिणते दिवे. थंडोबाने त्याला आपली खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर टेकला.

या माणसाचं सर्वेअरवर ऋण होतं. बायको गेल्यावर महिन्याभराने सर्वेअर केंद्रात आला होता. वर सगळ्यांनी त्याला फॉर्म दाखवले. फायलींवर नावं नसतात, नुसते आकडे असतात आणि कुणाचा आकडा कुठला, ते फक्त दवाखान्यात बाईंच्या कुलपात. सर्वेअरकडे बायकोचा आकडा होता. तो घेऊन तो तळघरात उतरला आणि येड्यासारखं म्हणाला, "ही कुठे आहे?" थंडोबा हसला नाही. हाताला धरून त्याने चौथ्या कप्प्यापाशी नेलं आणि एका हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. "इथे आहेत वहिनी." तेव्हापासून दोघांची गट्टी.

"खचू नका," थंडोबा आज म्हणाला. "पण बैठकीत गप्पही बसू नका. मी काल बोंबललो तर म्हणतात, तळघराची खुर्ची जाईल म्हणून ओरडतोय. तुम्ही बोललात तर ऐकतील."

"पाठवलं कसं?"

"बाईंचा हुकूम. पाठवा आणि पुसा. पाठवलं, पुसलं. तिकडे नाही पोचलं, तर मी काय करू? हाती धत्तुरा." त्याने मांडणीकडे हात केला. "चौथा कप्पा आता ओस पडलाय. भाडेकरू गेलेल्या घरासारखा. बघवत नाही."

"दुसरी प्रत?"

"अहो, एकीलाच जागा नव्हती, दुसरी कुठून? कप्पे कसे भरलेत माहितीये? टाचणी टाकली तर खाली पडणार नाही."

सर्वेअर उठला. थंडोबाने त्याचा हात घट्ट धरला. "हा ढगवाला आहे ना, त्याला सोडू नका. त्यानेच गिळलीय."

४

ढगवाला म्हणजे यंत्रं भाड्याने देणाऱ्या कंपनीचा विक्रेता. त्याच्या यंत्रांना सगळे क्लाउड म्हणायचे, म्हणून हा ढगवाला. उपाहारगृहात तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून सँडविचचे कोपरे कापत बसला होता.

"गर्जेल तो पडेल काय," सर्वेअर समोर बसत म्हणाला. "माहितीपत्रकात तर लिहिलंय, तुमच्याकडे काही हरवतच नाही."

"हरवायला आधी यावं लागतं, काका." ढगवाला दुखावला. "पाच कुटुंबं आली, पाचही शाबूत. मोठी फाईल एका दमात येत नाही, तुकड्यातुकड्याने येते. एक तुकडा वाटेत सांडला तर आमचं यंत्र तो परत मागतं, मागतच राहतं. सहाव्या फाईलचा एकही तुकडा मागितला नाही त्याने. का? पहिला तुकडाच निघाला नाही."

"हे बाईंना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाल्या, तुम्ही असंच बोलणार." त्याने सुरी खाली ठेवली. "तुम्हीच विचार करा. आज बैठक. बैठकीच्या तोंडावर मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेईन? माझ्या घरी बायको मला बावळट म्हणते, पण इतकाही नाही."

सर्वेअरला हसू आलं. त्याने आयुष्यात खोटं बोलणारे विक्रेते पुष्कळ पाहिले होते. ते स्वतःला बावळट म्हणत नसत.

वरच्या मजल्यावर विश्लेषण करणारी बाई बसायची. सगळे तिला चाळणताई म्हणायचे. तीनशे कोटींच्या घरातल्या अक्षरांचा ढीग चाळून त्यातली एखादी चुकीची शोधायची, हा तिचा धंदा. टेबलावर संत्र्याच्या साली आणि भिंतीवर चिठ्ठी: 'रांगेत आहे. विचारू नये.'

"मला कुठेही ठेवा, पण चाळू द्या," ती फणकारली. "इथे ठेवा, तिथे ठेवा, चंद्रावर ठेवा. मला जागा हवी, यंत्र हवं. ढगवाल्याकडे शंभर यंत्रं एका वेळी लावता येतात. इथे एक मिळवायला थंडोबाच्या नाकदुऱ्या काढायच्या."

"म्हणजे तुम्हाला तळघर बंद झालेलं हवंय."

"हवंय. लिहून घ्या. पण त्यासाठी कुणाची आई पुसत नाही मी." ती एकदम शांत झाली. "तुमच्या मुलीची फाईल तयार आहे, काका. मी आईच्या फाईलसाठीच थांबले होते. काल दुपारी जेवून आले, पोचलेल्यांची यादी जुळवायला घेतली आणि एक आकडा कमी. कुणाचा आकडा ते मला माहीत नव्हतं. वर बाईंकडे गेले, त्यांनी कुलूप उघडून बघितलं, तेव्हा कळलं."

"तुमच्याआधी कुणी यादी जुळवली होती?"

"कोण जुळवणार? यादीच माझ्याकडे उतरते. थंडोबाशी तर काल भांडणच झालं. म्हटलं, सहा कुटुंबं गेली, आता चौथा कप्पा तरी मला दे. तर थंडोबा म्हणतो, जागा नाही. अहो, बिऱ्हाड गेलं की खोली रिकामी होते की नाही?"

सर्वेअरने खुर्चीच्या पाठीला हात टेकला. नळ, ओले हात, मुलीने कानाला धरलेला फोन. सकाळ होती ती.

"काका? पाणी देऊ का?"

"नको," तो म्हणाला. "मला खाली जायचंय."

५

थंडोबा दिव्यांसमोर उभा होता. सर्वेअरने दार लावून घेतलं.

"माझ्या धंद्यात एक साधी गोष्ट होती," तो म्हणाला. "मालक सांगायचा, शंभर पोती चोरीला गेली. मी पोती शोधायचो नाही. पोत्यांची रिकामी जागा शोधायचो. जागा रिकामी नसेल, तर माल तिथेच आहे."

"म्हणजे?"

"चौथा कप्पा ओस पडलाय, असं मला सांगितलंस. चाळणताईला सांगितलंस, जागा नाही. यातलं एक खोटं. कप्पा तिला दिला असता तर आतलं सगळं तिला दिसलं असतं. म्हणून दिला नाहीस."

थंडोबाने स्वेटरची बाही ओढली. "मला वाटलं, तुम्ही ढगवाल्याला विचाराल."

"विचारलं. पहिला तुकडाच निघाला नाही, म्हणाला. बाकी पाच निघाले, म्हणजे रस्ता ठीक होता. सहावी इथूनच सुटली नाही. सोडणारा कोण? तूच. आणि काल सकाळी मला फोन केलास. यादी जुळली दुपारी. जे दुपारी कळायचं, ते तुला सकाळी कसं कळलं? तेही वहिनींची फाईल म्हणून. फायलीवर नाव नसतं. बाईंच्या कुलपाबाहेर तिचा आकडा दोघांनाच ठाऊक होता. एक मी. दुसऱ्याला मीच सांगितला, इथे, याच जागी."

यंत्रांची घरघर चालू होती. थंडोबा खोक्यावर बसला.

"पुसली नाहीये," तो म्हणाला. "देवाशपथ. आकडा बदलून ठेवलीय."

"दुसऱ्या कप्प्यात का नाही लपवलीस?"

"कुठे मावणार? मुळातच जड आहे ती. छोटी वस्तू चोर खिशात घालतो. हत्ती चोरला तर जिथे आहे तिथेच ठेवून त्याला झाकायचं." तो कसनुसं हसला. "दोन दिवसांचा प्रश्न होता. बैठकीत ढगवाला आपटला असता, की मी म्हणालो असतो, सापडली बुवा, एका कोपऱ्यात होती. तळघराने राखली. तुम्हीच मला खांद्यावर घेतलं असतं."

"सहांपैकी माझीच का?"

"बाकीचे पाच गप्प बसले असते," थंडोबा म्हणाला. "दोन गोड शब्द ऐकून घरी गेले असते. तुम्ही गप्प बसणारे नाही. मला भांडणारा माणूस हवा होता."

सर्वेअरला मारायला हात उचलावासा वाटला. त्याने तो खिशात घातला.

"माझ्या हट्टाला तू भाड्याने घेतलंस. न विचारता. माझी पोर दोन दिवस जेवली नाही रे. तुझ्या घरात कुणाचं काळीज असं टांगलंय का कधी?"

"सर्वेअर, एकदा ऐका." थंडोबाचे डोळे भरले होते. "तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला दिवा दाखवला. फायली तिकडे गेल्या, की कुणाचं दार वाजवाल? कोण दाखवील दिवा? फोनवर एक बाई म्हणेल, एक दाबा, दोन दाबा."

ही गोष्ट खरी होती, आणि म्हणूनच सर्वेअरचा राग आणखी चढला.

"दिव्यात ती नव्हती, हे मला त्या दिवशीही माहीत होतं," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी मान डोलावली. म्हटलं, एवढ्या मायेने सांगतोय, तर असू दे. चल, फाईलचा आकडा पूर्ववत कर. माझ्यासमोर. आणि मग वर चल. बैठकीत तू स्वतः सांगायचंस. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तू सांगितलंस तर निदान ते माणसाचं बोलणं होईल."

"नोकरी जाईल."

"जाईल. मी रदबदली करणार नाही."

६

थंडोबाने सांगितलं. खाली मान घालून, पण सगळं सांगितलं. खोलीत कुजबुज उठली. ढगवाल्याने शर्टाची कॉलर ताठ केली. संचालकबाई उठून उभ्या राहिल्या.

"मग आता चर्चेचं कारणच उरलं नाही. तळघर असुरक्षित आहे, हे सिद्ध झालं. सगळ्या फायली उद्यापासून..."

"खाली बसा, बाई," सर्वेअर म्हणाला.

त्या बसल्या. स्वतःच चकित होऊन बसल्या.

"काय सिद्ध झालं, ते मी सांगतो. नुकसान कशाने झालं ते सांगणं, हाच माझा धंदा होता. एका माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या होत्या, आणि 'पाठवा आणि पुसा' असा एका माणसाचा हुकूम होता. तो तळघरात बसला काय आणि ढगात बसला काय. इथे याने लपवली. तिकडे उद्या कुणी नुसती चुकून पुसली, तर इथे शोधायलाही काही उरणार नाही. आज इथे एक तरी मूळ प्रत शिल्लक आहे, ती या चोराने हुकूम मोडला म्हणून. हे तुम्हाला आवडलं नाही तरी खरं आहे."

"तुमचं म्हणणं काय?" बाई म्हणाल्या.

"चाळायचं काम तिकडे न्या. चाळणताईला शंभर यंत्रं हवीत, द्या. पण मूळ फाईलची एक प्रत इथे राहणार. दोन वेगळ्या माणसांच्या किल्ल्या. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय पुसणं नाही, मेलेल्या माणसाचं तर मुळीच नाही. जिवंताचं रक्त पुन्हा मिळतं."

"दोन्हीकडे ठेवायला जागा कुठून आणू? असं कुठेच करत नाहीत."

"मग आपण पहिले." त्याने समितीतल्या बाकी पाच कुटुंबांकडे पाहिलं. "नाहीतर आमची नावं काढा. आम्ही आमच्या माणसांच्या फायली मागून घेऊ. हातगाडीवर नेऊ."

मागून एक आजोबा ओरडले, "माझ्याकडे टेम्पो आहे!"

हशा पिकला, पण आजोबांनी हात वर केला होता तो खाली घेतला नाही. त्यांच्या शेजारणीने केला. मग पलीकडच्या जोडप्याने. जे पाच जण गप्प बसतील असं थंडोबाला वाटलं होतं, त्यांचे हात वर होते. बाईंनी ते पाहिले, आणि मान्य केलं. मनाविरुद्ध केलं, पण केलं.

थंडोबा दाराशी थांबला होता. सर्वेअरने त्याच्याकडे पाहिलं. दोघांत आता बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटत होतं.

चाळणताई तोपर्यंत निघूनही गेली होती. तिने चौथा कप्पा ताब्यात घेतला होता.

चाळणीचा निकाल आला त्या दिवशी बाप-लेक संचालकबाईंच्या खोलीत बसले. चाळणताई भिंतीला टेकून उभी होती, तिचे डोळे सुजले होते.

"आईत सापडलं," बाई म्हणाल्या. या वेळी त्या घाईत नव्हत्या. "एका जनुकातली चूक. त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हती. हृदयाचा ठोका अचानक बिघडवते."

"आणि माझ्यात?" मुलगी म्हणाली.

"तुझ्यातही तीच आहे."

सर्वेअरच्या कानात यंत्रांसारखी घरघर सुरू झाली. त्याने जळालेली किती गोदामं पाहिली होती, पण आग लागायच्या आधी कधी कुणी त्याला बोलावलं नव्हतं. त्याने मुलीचा हात धरायला आपला हात पुढे केला. तिने तो धरला, दाबला आणि सोडला, कारण तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

"उपाय?"

"छातीत छोटं यंत्र बसवतात. ठोका चुकला की तेच झटका देऊन ताळ्यावर आणतं. आईच्या वेळी कळलं असतं, तर..."

"आईच्या वेळी नाही कळलं. आता कळलंय. कधी बसवायचं?"

"विचार करायला वेळ घे हवा तर."

"आईला मिळाला होता का विचार करायला वेळ? तारीख द्या."

बाईंनी तारीख दिली. मुलीने विचारलं, "ही चूक आईला तिच्या आईवडिलांकडून आली असेल ना? मग मावशीतही असू शकते. तिच्या पोरांतही."

"असू शकते. सगळ्यांनी तपासून घेतलं पाहिजे."

मुलगी फोन घेऊन बाहेर गेली. दार नीट लागलं नव्हतं. आत बसलेल्या सर्वेअरला तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा कमावलेला आवाज होता तो.

"मावशी, रडायचं नंतर. आधी ऐक. उद्या सकाळी पोरांना घेऊन रक्त द्यायला ये. नाही, परवा नाही. उद्या. घाबरतेस? घाबर की. घाबरत घाबरत ये."